वावराची उंची कुठनं धरायची?



त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं की आठवीतलं कुठलंही मूल झोपेतसुद्धा सांगतं, "एक छेद दोन गुणिले पाया गुणिले उंची." सूत्र पाठ असतं, उदाहरणंही सुटतात. कारण पुस्तकातल्या आकृतीत पाया लिहिलेला असतो, उंची तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि ती रेष पायाला टेकते तिथे काटकोनाची छोटीशी चौकट असते. त्रिकोणात उंची शोधायचं काम आकृती काढणाऱ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतो फक्त गुणाकार.

बाहेरच्या त्रिकोणात तुटक रेष नसते. वावराच्या तिकोनी तुकड्यात किंवा प्लॉटच्या कोपऱ्यात उंची कोणी आखून ठेवत नाही. तिथे आपल्या हाताला लागतात त्या फक्त बाजू. टेप धरून बांधावरून चालत गेलं की बाजू मोजता येते. उंची मोजायची तर ती उभ्या पिकातून जाते, आणि ती नेमकी कुठे टेकेल हेही ठाऊक नसतं. म्हणून मला वाटतं, त्रिकोणाचा धडा खरा सुरू होतो तो 'उंची दिलेली नाही' या वाक्यापासून. मला हे एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे नीट दिसलं.

प्रश्न

मी नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यात एका गावी आठवी-नववीला गणित शिकवते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते आणि नेमका त्याच दिवसांत आठवीचा क्षेत्रफळाचा धडा येतो. वर्ग अर्धा रिकामा असतो. काही मुलं लागवडीला गेलेली असतात, काही घरी धाकट्या भावंडांना सांभाळत असतात.

त्या दिवशी फळ्यावर त्रिकोण काढला होता. पाया ८, उंची ५. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, वावराची उंची कुठनं धरायची?"

वर्ग हसला. वावराला कुठं उंची असते! पण ती हसली नाही. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं. तिची आई लागवडीच्या टोळीत जाते. दहा बायकांची टोळी. काम उक्तं घेतात, म्हणजे रोजावर नाही. एकरी दर ठरतो आणि वावर जेवढं असेल तेवढे पैसे. पाटाच्या कडेला एक तिकोनी वावर आहे. मालक ते अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे सांगतो. पण त्या वावरात टोळीचा वेळ दर साली अर्ध्या एकरापेक्षा खूप जास्त जातो. मुलीनं आईला सांगितलं होतं, "आम्हाला शाळेत त्रिकोणाचं क्षेत्रफळ आलंय, मी काढून देते." आणि मग ती पायावर येऊन अडली होती. तीन बाजू ती मोजू शकत होती. उंची कुठनं धरायची?

या प्रश्नाला 'पुढच्या तासाला सांगते' असं म्हणून चालणार नव्हतं.

आधी कामट्या, मग सूत्र

दुसऱ्या दिवशी वर्गात बांबूच्या कामट्या नेल्या. टोकांना भोकं पाडून त्यांत ढिला खिळा बसवलेला. चार कामट्यांचा चौकोन केला आणि मुलांच्या हातात दिला. कोपरा ढकलला की चौकोन तिरका होतो, आणखी ढकलला की पार चपटा. कामट्या त्याच, लांबी तीच, पण आतली जागा कमी-कमी होत जाते. मग तीन कामट्यांचा त्रिकोण दिला. ढकला म्हटलं. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलानंही जोर लावून पाहिला. कामटी वाकली, पण त्रिकोण हलला नाही.

मुलांनी हे आधी दुसऱ्या नावानं वाचलेलं असतं. एकरूपतेच्या धड्यातली 'बाबाबा' कसोटी: तीन बाजू सारख्या असल्या की त्रिकोण एकरूप. पण ती कसोटी एका कप्प्यात राहते आणि क्षेत्रफळ दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही कप्पे एकदम उघडायला हवेत. मी मुलांना विचारलं, "तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. मग त्याच्या आतली जागा?"

"ती पण ठरली."

"मग ती काढायला उंची सांगावीच लागेल का?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "नाही. उंची पण त्या तीन बाजूंनीच ठरली असंल ना."

एवढं कळलं की हेरॉनचं सूत्र आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या हेरॉनच्या नावानं आपण ते ओळखतो. तिन्ही बाजूंची बेरीज करायची आणि निम्मी करायची, ही अर्धपरिमिती. तिच्यातून एकेक बाजू वजा करायची. अर्धपरिमिती आणि या तीन वजाबाक्या अशा चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. उंचीचं नाव कुठेही येत नाही.

सराव म्हणून शनिवारी शाळेच्या आवारातली तिकोनी फुलबाग मोजायला लावली. एका गटानं बाजू आणल्या १४, ९ आणि ४ फूट. अर्धपरिमिती १३.५. त्यातून १४ वजा केले तर उणे अर्धा. वर्गमूळाच्या आत ऋण संख्या आली, कॅल्क्युलेटरनं 'एरर' दाखवलं आणि मुलं गोंधळली. "सूत्र चुकलं का, मॅडम?"

सूत्र चुकलं नव्हतं. ९ आणि ४ मिळून १३ होतात, म्हणजे त्या दोन बाजू १४ फुटांच्या बाजूच्या दोन टोकांवरून निघाल्या तर एकमेकींना भेटणारच नाहीत. असा त्रिकोण जगात नाही. पुन्हा टेप लावल्यावर उलगडा झाला: टेपच्या एका कडेला फूट आहेत, दुसऱ्या कडेला मीटर. तिसरी बाजू मुलांनी मीटरच्या कडेनं वाचली होती. ती ४ मीटर, म्हणजे साधारण १३ फूट. मग १४, ९, १३ वरून क्षेत्रफळ आलं जवळपास ५७ चौरस फूट. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी, हा नियम मुलं एका गुणासाठी पाठ करतात. त्या शनिवारी तो मोजमापातली चूक पकडायच्या कामी आला.

पाटाकडचं वावर

दुसऱ्याच्या वावरात मुलांना न विचारता पाठवणं बरोबर नव्हतं. मालकांना फोन केला, मुलांना गणिताच्या प्रकल्पासाठी वावर मोजायचंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मोजा की. नेणार का कुठं उचलून?"

रविवारी सकाळी सहा मुलं आणि मी, मैदानासाठी आणलेली शंभर फुटी टेप घेऊन गेलो. शंभर फुटांच्या टेपनं तीनशे फुटांची बाजू मोजायची तर मध्ये दोनतीनदा थांबावं लागतं आणि थांबताना रेष वाकडी जाते. त्यासाठी दोन टोकांना दोन काठ्या रोवल्या, मधली काठी धरणाऱ्या मुलाला एक डोळा मिटून 'अलीकडं, पलीकडं' करत रेषेत आणलं. कामासाठी दोरी न वापरता टेपच वापरली, कारण नायलॉनची दोरी ताणली की लांबते. प्रत्येक बाजू जाताना एकदा आणि येताना एकदा मोजली. शेवटी वहीत आकडे आले: ३०२, २४८ आणि २३० फूट.

बेरीज ७८०. अर्धपरिमिती ३९०. तीन वजाबाक्या: ८८, १४२, १६०. चारांचा गुणाकार ७७,९७,५०,४००. वर्गमूळ २७,९२४ चौरस फूट.

आता गुंठे करायचे. इथे मुलांना १०८९ ही संख्या कुठून आली ते सांगायची चांगली संधी असते. जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत. साखळीएवढी लांबी आणि साखळीएवढी रुंदी, असा चौरस म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ बरोबर १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एकराचे ४३,५६० चौरस फूट कसे होतात हे मग पाठ करावं लागत नाही.

२७,९२४ भागिले १०८९ बरोबर २५.६. वीस गुंठे म्हणून सांगितलं जाणारं वावर साडेपंचवीस गुंठ्यांच्या वर होतं.

मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, आपलं मोजायला चुकलं असंल तर?" हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नाइतकाच आवडला. मग फळ्यावर तेही करून पाहिलं. प्रत्येक बाजूत आपण एकेक फूट जास्त धरला असं समजू. ३०३, २४९, २३१ घेतलं तर क्षेत्रफळ २८,१५० च्या आसपास येतं. फरक सव्वादोनशे चौरस फुटांचा, पाव गुंठ्याच्याही आतला. साडेपाच गुंठ्यांचा फरक टेप इकडेतिकडे झाल्यानं पडत नाही.

उंचीही काढून पाहू

तरी मुलांना उंची हवीच होती. पाठ असलेल्या सूत्रावर त्यांचा जास्त भरवसा. मग भास्कराचार्यांकडे गेलो. इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे: त्रिकोणाचा पाया १४, बाजू १३ आणि १५, उंची आणि क्षेत्रफळ सांगा. तिथली रीत आठवीच्या मुलाला सहज जमते. टोकावरून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे होतात. त्यांना भास्कराचार्य 'आबाधा' म्हणतात. त्या काढायच्या कशा? दोन बाजूंची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार करा, त्याला पायानं भागा. आलेली संख्या पायात मिळवून निम्मी केली की मोठी आबाधा, पायातून वजा करून निम्मी केली की लहान.

इथे बेरीज २८, वजाबाकी २. गुणाकार ५६, भागिले १४ बरोबर ४. १४ आणि ४ मिळून १८, त्याचे निम्मे ९. १४ वजा ४ बरोबर १०, त्याचे निम्मे ५. आबाधा ९ आणि ५. मग पायथागोरस: १३ चा वर्ग १६९, ५ चा वर्ग २५, वजाबाकी १४४, उंची १२. क्षेत्रफळ ८४. हेरॉनच्या सूत्रानंही ८४च येतं, करून पाहा.

हे चालतं का, ते मुलांनीच शोधलं. दोन्ही काटकोन त्रिकोणांना उंची एकच आहे. म्हणून बाजूंच्या वर्गांत जेवढा फरक, तेवढाच आबाधांच्या वर्गांत. वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. आबाधांची बेरीज तर पायाएवढीच आहे. मग पायानं भागलं की आबाधांची वजाबाकी हाती येते. सातवीतला पायथागोरस आणि आठवीतले अवयव, दोन्ही एका जागी भेटले.

भास्कराचार्य आमच्या मुलांना परके वाटू नयेत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी हे गणित इथून एका दिवसाच्या प्रवासावर कुणीतरी बसून शिकत होतं.

मग तीच रीत पाटाकडच्या वावराला लावली. पाया ३०२, बाजू २४८ आणि २३०. बेरीज ४७८, वजाबाकी १८, गुणाकार ८,६०४, भागिले ३०२ बरोबर २८.५. आबाधा साधारण १६५ आणि १३७ फूट. उंची सुमारे १८५ फूट. निम्मा पाया १५१ गुणिले १८५ बरोबर २७,९३५. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकाच ठिकाणी आलं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं: वावराची उंची लांब बांधावर, एका टोकापासून १६५ फुटांवर धरायची.

आकडा घरी गेल्यावर

आकडा वहीत राहिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तो घरी गेला. हिशेबाला सोपं जावं म्हणून एकरी दर दहा हजार रुपये धरू. म्हणजे गुंठ्याला अडीचशे. साडेपाच गुंठ्यांचे पावणेचौदाशे रुपये. दहा बायकांत वाटले तर प्रत्येकीला एकशे सदतीस रुपये. दर साली, एका वावराचे.

दोन दिवसांनी मुलीची आई शाळेत आली. मला वाटलं, खूश असेल. ती दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, तुमचं गणित बरोबरच असंल. आमच्या कंबरेला ते आधीच ठावकं होतं. अर्ध्या एकराला एवढा वेळ लागतच नाही. पण मी जाऊन बोलले आन् पुढल्या साली त्यांनी दुसरी टोळी लावली, तर?"

माझ्याकडे या 'तर'चं उत्तर नव्हतं. "ताई, काय करायचं ते तुम्ही आणि टोळीनं ठरवा. मी कुणाला काही सांगणार नाही," एवढंच म्हणाले. मुलीला मात्र त्या दिवशी राग आला होता. तिचं म्हणणं साधं होतं: उत्तर बरोबर आहे तर सांगायला काय हरकत? तेराचौदा वर्षांच्या मुलीला उत्तराची बरोबरी आणि उत्तराची किंमत यांतला फरक पुस्तकातून सांगता येत नाही. तिची आई तो रोज जगत होती.

पण गावात मोजणी लपत नाही. सहा मुलं टेप घेऊन बांधावर फिरलेली सगळ्यांनी पाहिली होती. मालकांचा मुलगा आमच्याच शाळेत नववीत. त्यानं घरी विचारलं. पुढच्या आठवड्यात बापलेकांनी स्वतःची टेप लावली. त्यांचे आकडे आमच्यापेक्षा फूट-दोन फूट इकडेतिकडे, पण क्षेत्रफळ पंचवीस गुंठ्यांच्या वरच. झालं असं होतं, की त्यांच्या वडिलांच्या काळी तो तुकडा खरंच अर्धा एकर होता. पुढे मधला बांध काढून कडेची पडीक पट्टी त्यात घेतली गेली, आणि 'अर्धा एकर' हे नाव तसंच चिकटून राहिलं. कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं. मोजलंच नव्हतं.

मागच्या सालांचे पैसे टोळीनं मागितले नाहीत आणि मालकांनीही दिले नाहीत. पुढच्या लागवडीला मात्र ते वावर पंचवीस गुंठे म्हणून ठरलं. वरचा अर्धापाऊण गुंठा सोडून दिला. टोळी तीच होती.

चार बाजूंचं कोडं

याच मालकांमुळे धड्याचा पुढचा भाग झाला. एक दिवस ते शाळेत आले, खिशातून चिठ्ठी काढली. दुसऱ्या एका वावराच्या बाजू लिहून आणल्या होत्या. क्रमानं २००, १५०, १८० आणि १३० फूट. "मॅडम, ह्याचं पण काढून द्या. आम्ही साडेचोवीस गुंठे धरतो."

साडेचोवीस कसे धरले तेही त्यांनी सांगितलं. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. २०० आणि १८० ची सरासरी १९०, १५० आणि १३० ची १४०. गुणाकार २६,६००, म्हणजे २४.४ गुंठे. ही रीत गावोगाव चालते. ती फार जुनीही आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त ती दिली आहे, पण 'स्थूल' म्हणून, म्हणजे ढोबळ मानानं. आयताला ही रीत बरोबर उत्तर देते. वावर आयतापासून जितकं तिरकं, तितकं उत्तर जास्त येतं. कमी कधीच येत नाही.

मी त्यांना कामट्यांचा चौकोन दाखवला. ढकलून दाखवला. "दादा, चार बाजू सांगून वावर ठरत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजून आणा. मग एका वावराचे दोन त्रिकोण होतील, आणि त्रिकोण ढकलला जात नाही."

त्यांच्या वावराचा तो कर्ण २९० फूट भरला. मुलांनी दोन त्रिकोण केले. पहिला २००, १५०, २९०: क्षेत्रफळ १३,९९४. दुसरा १८०, १३०, २९०: क्षेत्रफळ ७,८२३. एकूण २१,८१७ चौरस फूट, म्हणजे वीस गुंठे. मग मुलांना म्हटलं, समजा कर्ण २१० भरला असता तर? करून पाहिलं: २५,९०५ चौरस फूट, पावणेचोवीस गुंठे. चारही बाजू त्याच, आणि क्षेत्रफळात पावणेचार गुंठ्यांचा फरक.

ते थोडा वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला मी इतकी वर्षं साडेचार गुंठ्यांचे पैसे उगीच देत होतो." एका वावरात मोजणी मालकांच्या अंगावर आली होती, दुसऱ्यात त्यांच्या बाजूनं. तो दिवस मला फार मोलाचा वाटतो. गणित अमक्याच्या विरुद्ध किंवा तमक्याच्या बाजूचं नसतं, हे वर्गाला सांगायची गरज उरली नाही.

भास्कराचार्यांनीही 'लीलावती'त याबद्दल चांगलंच झापलं आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. हे सांगितलं की वर्ग खो-खो हसतो आणि 'कर्ण मोजला का?' हा प्रश्न कायमचा डोक्यात बसतो.

वर्गात करून पाहण्यासारखं

आपल्या शाळेत हे करायचं असेल तर काही गोष्टी सुचवते.

पहिली, कामट्या आधी, सूत्र नंतर. झाडूच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे वापरले तरी चालतं, खर्च काहीच नाही.

दुसरी, तीन बाजू आणल्या की गणित करण्याआधी मुलांनी दोन लहान बाजूंची बेरीज करून तिसरीशी ताडून पाहावी. मोजमापातली ढोबळ चूक तिथेच पकडली जाते.

तिसरी, एकाच त्रिकोणाचं क्षेत्रफळ दोन रीतींनी काढायला लावा. एकदा हेरॉननं, एकदा आबाधा काढून. उत्तर पुस्तकाच्या मागे बघायची सवय यामुळे सुटते.

चौथी, शहरातल्या शाळांसाठी. वावर नसलं तर सोसायटीच्या आवारातला तिकोनी कोपरा, रस्त्याच्या तिठ्यावरचा बगीचा किंवा गॅलरीवरचं ताडपत्रीचं छप्पर घ्या. फरशी बसवणाऱ्याचे, रंग देणाऱ्याचे पैसे चौरस फुटावरच ठरतात.

आणि पालकांना एक खुलासा. ही टेपची मोजणी रोजच्या व्यवहारासाठी आहे: लागवड, नांगरट, बियाणं, खत यांच्या हिशेबासाठी. हद्दीचा किंवा वाटणीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते. मुलाच्या वहीवरून बांध सरकवू नका. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. मुलांकडून हेही एकदा ताडून घ्या.

ती मुलगी आता नववीत आहे. गणितात तिला पैकीच्या पैकी गुण पडत नाहीत. वर्गमूळ काढताना अजूनही चुकते. पण टोळी नवं काम ठरवायला जाते तेव्हा मुकादमबाई तिच्या आईला आधी विचारते, "पोरगी कधी मोकळी हाय?" आणि त्या आठवड्यात शाळेची टेप शाळेत नसते. मैदान आखायला आमच्या क्रीडाशिक्षकांना थोडं थांबावं लागतं. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.